६४ वरून ३९: दवाखान्याचं बिल कोण भरतं आणि ते मोजतं कोण?

सार्वजनिक आरोग्य किंवा आरोग्याचं अर्थशास्त्र या विषयात पीएचडी करायचं डोक्यात असेल, तर तुमच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर एक आकडा येणार हे जवळपास ठरलेलं आहे. देशात आरोग्यावर जेवढा खर्च होतो, त्यातला किती टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरतात, तो हा आकडा. भारताच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता. २०२१-२२ साठी तो ३९.४ टक्के आहे.

आठ वर्षांत जवळपास २५ अंकांची घट. भारताएवढ्या मोठ्या देशासाठी हा बदल प्रचंड आहे. हा आकडा दोन्ही बाजूंनी वापरला जातो. कोणी म्हणतं, सरकारने लोकांवरचं ओझं कमी केलं. कोणी म्हणतं, हा आकड्यांचा खेळ आहे. नव्या संशोधकाची गंमत अशी होते की तो मार्गदर्शकांचा कल बघून यातली एक बाजू उचलतो, संदर्भ देतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो.

या लेखात आपण तसं न करता हा एकच आकडा उघडून बघूया. तो नेमका कशाचा भागाकार आहे, वरचा आकडा कुठून येतो, खालचा कुठून येतो, आणि तो घटतो तेव्हा लोकांच्या आयुष्यात नेमकं काय घडलेलं असू शकतं. विकसनशील देश आपल्या आरोग्यसेवेचा खर्च कसा भागवतो, हा मोठा प्रश्न त्यातूनच जास्त नीट समजतो.

पैसा शेवटी लोकांचाच, मग फरक कशात?

आधी एक मूलभूत गोष्ट. "सरकारने खर्च केला" किंवा "विमा कंपनीने खर्च केला" असं आपण म्हणतो, पण परदेशी मदतीचा लहानसा भाग सोडला तर सगळा पैसा लोकांच्याच घरांतून येतो. कर भरतात लोक, हप्ता भरतात लोक, मेडिकलच्या काउंटरवर नोटा मोजतात तेही लोकच. मग खिशातल्या खर्चावरच एवढा भर का?

फरक तीन ठिकाणी आहे. पहिला, पैसा कधी घेतला: आजारी पडण्याआधी की पडल्यावर? दुसरा, कोणाकडून घेतला: ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून की ज्याला आजार झाला त्याच्याकडून? तिसरा, पैसा एकत्र झाला का: म्हणजे निरोगी माणसाचा पैसा आजारी माणसाच्या कामी आला का?

भिशीशी तुलना करून बघा. भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतोच आणि जेवढं भरलं तेवढंच परत मिळतं. आजारपणात तसं नाही. हजार घरांपैकी एखाद्या घरात या वर्षी कॅन्सर निघेल, पण ते घर कुठलं हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून हजार घरांनी थोडं थोडं आधीच बाजूला काढणं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला देणं, एवढाच आरोग्य-वित्तपुरवठ्याचा गाभा. कर हे त्याचं एक रूप, पगारातून कापलेली वर्गणी हे दुसरं, खासगी विमा हे तिसरं. खिशातून भरलेल्या पैशात यातलं काहीच होत नाही. आजार झाल्यावर, आजारी माणसाच्याच घरातून, एकट्याने भरायचं. म्हणून तो मार्ग सगळ्यात वाईट मानला जातो.

शंभर रुपयांची वाटणी

भारतात २०२१-२२ मध्ये आरोग्यावर एकूण सुमारे ९.०४ लाख कोटी रुपये खर्च झाले. माणशी ६,६०२ रुपये. यातले प्रत्येकी १०० रुपये घेतले, तर ४८ रुपये सरकारचे (केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था मिळून, सरकारी विमा योजनाही यातच), ३९ रुपये ४० पैसे लोकांच्या खिशातले, ७ रुपये ४० पैसे खासगी विम्याचे आणि उरलेले पाचेक रुपये कंपन्या, स्वयंसेवी संस्था, परदेशी मदत वगैरेंचे.

ही वाटणी अशी का झाली, याला इतिहास आहे. जर्मनीसारख्या देशाने कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून व्यवस्था उभी केली. आपल्याकडे १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने तोच मार्ग धरला. आज त्यात मालकाकडून पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराकडून ०.७५ टक्के घेतले जातात. पण वर्गणी कापायला आधी पगारपत्रक लागतं. शेतमजूर, वीटभट्टी कामगार, घरकाम करणारी बाई, हातगाडीवाला यांचं पगारपत्रक कुठे असतं? भारतातले बहुतेक कामगार असेच असंघटित आहेत. बहुतेक विकसनशील देशांची हीच अडचण आहे. म्हणूनच घानासारख्या देशाने २००३ मध्ये आरोग्य विम्याचा कायदा केला, तेव्हा वर्गणीवर विसंबून न राहता वस्तू-सेवांवर २.५ टक्क्यांचा वेगळा आरोग्य अधिभार लावला. माणूस पगारपत्रकावर नसला तरी खरेदी तर करतोच!

भारतात उरलेला भार करांवर यायला हवा होता. पण सरकारचा आरोग्यखर्च कित्येक वर्षं जीडीपीच्या एक टक्क्याच्या आसपासच रेंगाळला. २०१३-१४ मध्ये तो १.१५ टक्के होता, २०२१-२२ मध्ये १.८४ टक्के झाला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. सरकार जेवढं मागे राहिलं, तेवढी जागा खिशाने भरून काढली.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. आता आकड्याकडे.

वरचा आकडा कुठून येतो?

सरकारी खर्च मोजणं किचकट असलं तरी समजायला सोपं. अर्थसंकल्प, लेखापरीक्षित हिशेब, खातेनिहाय खर्च अशी कागदपत्रं असतात. विमा कंपन्यांचे आकडे नियामकाकडे जातात.

पण लोकांनी खिशातून किती भरले, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नसतो. गावातल्या डॉक्टरला दिलेले दोनशे रुपये कुठे नोंदले जाणार? म्हणून तो आकडा लोकांना विचारूनच काढावा लागतो. हे काम राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण करतं. गणक घरी येतो आणि विचारतो: गेल्या ३६५ दिवसांत घरातलं कोणी दवाखान्यात भरती होतं का? गेल्या १५ दिवसांत कोणी आजारी होतं का? उपचार कुठे घेतले? डॉक्टरची फी किती, औषधं किती, तपासण्या किती, पैसे कुठून आणले?

म्हणजे आपल्या भागाकारातला एक भाग सरकारी कागदांतून येतो आणि दुसरा लोकांच्या आठवणीतून. दहा महिन्यांपूर्वीच्या भरतीचा खर्च तुमच्या घरात कोणाला नेमका आठवतो का, विचारून बघा. ऑपरेशनचा आकडा आठवेल, पण नंतर सहा महिने आणलेल्या गोळ्यांचा? यात सर्वेक्षणाला दोष द्यायचा नाही. दुसरा मार्गच नाही. पण आकडा वापरणाऱ्याला हे माहीत हवं.

आणखी एक गोष्ट. हे सर्वेक्षण दरवर्षी होत नाही. एक फेरी (७१ वी) जानेवारी ते जून २०१४ मध्ये झाली, त्यानंतरची (७५ वी) जुलै २०१७ ते जून २०१८ मध्ये. राष्ट्रीय आरोग्य लेखे मात्र दरवर्षाचे असतात. मग मधल्या वर्षांसाठी काय करायचं? हाताशी असलेल्या फेरीचे आकडे पुढच्या वर्षांपर्यंत ओढत न्यायचे.

आता वर्षवार आकडे सलग वाचा. एकूण आरोग्यखर्चात खिशातल्या खर्चाचा हिस्सा, टक्क्यांत:

२०१३-१४: ६४.२
२०१४-१५: ६२.६
२०१५-१६: ६०.६
२०१६-१७: ५८.७
२०१७-१८: ४८.८
२०१८-१९: ४८.२
२०१९-२०: ४७.१
२०२०-२१: ४४.४
२०२१-२२: ३९.४

काही दिसलं? दरवर्षी दोनेक अंकांनी घटणारा आकडा २०१६-१७ ते २०१७-१८ या एकाच वर्षात जवळपास १० अंकांनी खाली आला आणि पुन्हा हळू चालायला लागला. त्या वर्षी असं काय झालं? आयुष्मान भारतची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना तर सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, म्हणजे ती नंतरची. झालं एवढंच की हिशेबासाठीचं सर्वेक्षण बदललं. २०१६-१७ पर्यंतचे लेखे ७१ व्या फेरीवर उभे आहेत, २०१७-१८ पासूनचे ७५ व्या फेरीवर.

याचा अर्थ घट खोटी आहे का? नाही. २०१४ आणि २०१७-१८ या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात हळूहळू झालेला बदल कागदावर एकाच वर्षात दिसला, असंही असू शकतं. पण "एका वर्षात १० अंकांची घट" असं वाक्य प्रबंधात लिहिलंत, तर तोंडी परीक्षेत परीक्षक तुम्हाला तिथेच थांबवतील.

दोन सर्वेक्षणं काय सांगतात?

मग खरा प्रश्न असा की या दोन फेऱ्यांच्या मध्ये लोकांच्या खर्चात घट का दिसते?

पहिली शक्यता सुखाची. लोक सरकारी दवाखान्यांकडे वळले आणि तिथे औषधं-तपासण्या मोफत मिळू लागल्या. याला आधार आहे. ग्रामीण भागात भरती झालेल्यांपैकी सरकारी रुग्णालयात गेलेल्यांचं प्रमाण ४१.९ टक्क्यांवरून ४५.७ टक्के झालं, शहरी भागात ३२ वरून ३५.३. वाढ लहान असली तरी दिशा स्पष्ट आहे.

दुसरी शक्यता वेगळी. मुळात दवाखान्यात भरती होणाऱ्यांचं प्रमाणच घटलेलं दिसतं. बाळंतपणं वगळता, वर्षभरात भरती झालेल्यांचं प्रमाण ७१ व्या फेरीत शहरी भागात ४.४ टक्के आणि ग्रामीण भागात ३.५ टक्के होतं. ७५ व्या फेरीत ते अनुक्रमे ३.४ आणि २.६ टक्के झालं. लोकसंख्येचं सरासरी वय वाढतंय, मधुमेह-रक्तदाब वाढतोय, आणि भरतीचं प्रमाण मात्र घटतंय? लोक खरंच कमी आजारी पडले, की परवडत नाही म्हणून गेले नाहीत, की सर्वेक्षणाच्या पद्धतीतल्या फरकामुळे कमी नोंदले गेले? सरकारी बाजू मांडणारे पहिल्या शक्यतेवर जोर देतात, टीकाकार दुसऱ्या. केवळ हिश्श्याच्या टक्केवारीकडे बघून कोण बरोबर हे ठरवता येत नाही, आणि हाच मुद्दा मला सांगायचाय.

खालचा आकडाही हलतो

टक्केवारीला छेद असतो, आणि तोही हलत असतो. २०२०-२१ ते २०२१-२२ या वर्षाकडे बघा. हिस्सा ४४.४ वरून ३९.४ वर आला, ५ अंकांची घट. पण माणशी खिशातला खर्च रुपयांत बघितला, तर तो साधारण २,४०० वरून २,६०० रुपयांवर गेला. म्हणजे वाढला!

हे कसं? कोविडचा काळ. सरकारचा आरोग्यखर्च त्या एका वर्षात सुमारे ३७ टक्क्यांनी वाढला. केंद्राने अर्थसंकल्पात लसीकरणासाठीच ३५,००० कोटींची तरतूद केली होती. छेद मोठा झाला, म्हणून खिशाचा हिस्सा लहान दिसला. लस फुकट मिळाली हा लोकांचा खरा फायदा होता, त्यात वाद नाही. पण मधुमेहाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला मेडिकलमध्ये जाणाऱ्या घराचं बिल त्यामुळे कमी झालं नाही.

म्हणून हिस्सा, रुपये आणि जीडीपीशी प्रमाण, हे तिन्ही शेजारी ठेवून बघायची सवय लावा. पूर्ण आठ वर्षांसाठी ते असं दिसतं. माणशी खिशातला खर्च २,३३६ रुपयांवरून २,६०० रुपये झाला. या काळात किमती जवळपास दीडपट झाल्या, त्यामुळे महागाई वजा केली तर तो सुमारे चौथाईने घटला. म्हणजे घट आहे, पण "६४ वरून ३९" ऐकून वाटते तेवढी मोठी नाही. आता जीडीपीच्या प्रमाणात बघू. खिशातला खर्च सुमारे २.६ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आला, म्हणजे एक टक्क्याहून थोडी जास्त घट. सरकारचा खर्च मात्र १.१५ वरून १.८४ झाला, म्हणजे ०.७ टक्क्यांची वाढ. सरकारने जेवढं उचललं त्यापेक्षा लोकांनी जास्त सोडलं. एकूण आरोग्यखर्च जीडीपीच्या ४.०२ टक्क्यांवरून ३.८३ टक्क्यांवर उतरला.

सहसा देशाचं उत्पन्न वाढतं तसा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या तुलनेतही वाढत जातो. इथे उलटं झालंय. हे स्वस्त औषधांमुळे आणि सरकारी दवाखान्यांमुळे झालं की उपचार टाळल्यामुळे, यावर एक चांगला प्रबंध होऊ शकतो.

शून्य रुपयांचं घर

आता या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात सहज निसटणारा मुद्दा.

समजा, मराठवाड्यातल्या एका वस्तीवर तीन घरं आहेत. पहिल्या घरातल्या आजोबांना हृदयाचा त्रास झाला, मुलाने जमिनीचा तुकडा गहाण टाकून शहरातल्या खासगी रुग्णालयात दीड लाख भरले. दुसऱ्या घरातल्या सुनेला सरकारी रुग्णालयात भरती केलं, बाहेरून आणलेली औषधं आणि तपासण्या यांचे ६,००० रुपये झाले. तिसऱ्या घरातल्या म्हातारीच्या पोटात वर्षभर दुखतंय. तिने मुलाला सांगितलंच नाही, कारण सांगितलं तर तो कर्ज काढेल हे तिला माहीत आहे. या घराचा खर्च शून्य.

तीन घरांची सरासरी ५२,००० रुपये. आता पुढच्या वर्षी अशीच परिस्थिती आली, पण पहिल्या घराकडे गहाण टाकायला काही उरलं नाही आणि आजोबांना घरीच ठेवलं, असं समजा. सरासरी २,००० वर येते. खर्च ९६ टक्क्यांनी "घटला". कोणाचं भलं झालं?

आजारपणामुळे घर कोलमडतं का, हे मोजण्यासाठी वापरतात ती मापंही इथे अडखळतात. घराच्या एकूण खर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर गेला, तर त्याला आपत्तीजनक खर्च म्हणतात. पहिलं घर या व्याख्येत बसतं. तिसरं घर कधीच बसणार नाही, कारण शून्य हा कुठल्याही मर्यादेच्या खालीच असतो. ज्या घराची अवस्था सगळ्यात वाईट, ते आकड्यांत सगळ्यात सुरक्षित दिसतं.

आणखीही काही गोष्टी सुटतात. रुग्णासोबत राहणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी आरोग्य लेख्यांत येत नाही. कर्जावरचं व्याज येत नाही. दुसऱ्या घराने ६,००० भरले एवढंच दिसतं. त्यासाठी शेळी विकली हे त्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून खर्चाचा आकडा कधीच एकटा वाचू नका. त्याच्या शेजारी वापराचा आकडा ठेवा: किती आजारांवर उपचार घेतले, किती अंगावर काढले, न घेण्याची कारणं काय सांगितली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात हे प्रश्न असतात. खर्च घटला आणि वापर वाढला किंवा टिकला, तर ती खरी सुटका. खर्चही घटला आणि वापरही घटला, तर आधी शंका घ्या.

विमा योजना खिसा वाचवतात का?

इथे वाचकांपैकी कोणीतरी विचारेलच: एवढ्या योजना आहेत, मग? प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं, आणि २०२३ मध्ये राज्याने तिची मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवून ती सर्व कुटुंबांसाठी खुली करायचा निर्णय घेतला. मोठ्या ऑपरेशनच्या वेळी या योजनांनी अनेक घरं वाचवली आहेत.

पण या योजना प्रामुख्याने भरती झालेल्या रुग्णांसाठी आहेत. खिशातल्या खर्चाचा मोठा भाग जातो तो ओपीडीत आणि औषधांवर. थायरॉईडची रोजची गोळी, लेकराचा ताप, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी. एकेक रक्कम लहान, पण कायमची. विमा मोठ्या धक्क्यापासून वाचवतो; या गळतीसाठी जवळच्या दवाखान्यात डॉक्टर आणि कपाटात औषध असावं लागतं. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत केलं. निर्णय चांगला आहे. पण त्याचा परिणाम मोजायला निघालात, तर केसपेपरचे पैसे वाचले की नाही हे विचारून भागणार नाही. चिठ्ठीवरची किती औषधं "बाहेरून आणा" म्हणून सांगितली, हे विचारावं लागेल.

या बाबतीत थायलंडचं उदाहरण आरोग्य-वित्ताच्या अभ्यासात वारंवार येतं, आणि ते आपल्या प्रश्नाला थेट भिडतं. २००१-०२ मध्ये थायलंड काही श्रीमंत देश नव्हता. लोकसंख्येचा मोठा भाग, सुमारे ३० टक्के, कुठल्याच योजनेत नव्हता. सरकारने वर्गणीचा नाद सोडून करांतून पैसा उभा केला आणि ज्यांना दुसरं संरक्षण नव्हतं अशा सगळ्यांना एका योजनेत घेतलं. दर भेटीला फक्त ३० बाथ. रुग्णालयांना पैसा मिळू लागला तो नोंदवलेल्या माणसामागे. सुरुवातीला वर्षाला माणशी १,२०२ बाथ. त्यात ओपीडीही होती आणि औषधंही. जिल्ह्याजिल्ह्यात रुग्णालयं आधीच बांधून झाली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सेवा सक्तीची होती, म्हणून कार्डाला अर्थ आला.

आता संशोधनाची बाजू बघा. जोनाथन ग्रुबर, नॅथनिएल हेंड्रन आणि रॉबर्ट टाउनसेंड यांनी २०१४ मध्ये या योजनेवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी फक्त खर्च किती घटला हे बघितलं नाही. गरिबांनी दवाखाना जास्त वापरला का आणि त्यांची बाळं जास्त जगली का, हे बघितलं. दोन्हींचं उत्तर हो आलं: गरिबांमधला वापर वाढला आणि गरीब भागांतला अर्भकमृत्यू घटला. त्यांच्या मते, गरिबांसाठी रुग्णालयांना मिळणारा पैसा वाढला, हे यामागचं मोठं कारण होतं. म्हणजे आपल्या "शून्य रुपयांच्या घरा"चा प्रश्न त्यांनी सोडवला तो खर्चाच्या पलीकडे, वापर आणि परिणाम मोजून.

प्रस्ताव लिहिण्याआधी

शेवटी, हा आकडा तुमच्या प्रस्तावात येणार असेल तर लिहिण्याआधी स्वतःला एवढे प्रश्न विचारा:

१. हा हिस्सा आहे, रुपये आहेत की जीडीपीचं प्रमाण? बाकीचे दोन काय सांगतात?
२. यामागचं सर्वेक्षण कुठलं, कधीचं? मी ज्या दोन वर्षांची तुलना करतोय, त्यांच्यामध्ये सर्वेक्षण बदललंय का?
३. त्याच काळात उपचारांचा वापर वाढला की घटला?
४. शून्य खर्चाची घरं किती आणि ती शून्य का आहेत?
५. माझी सरासरी कोणाची? श्रीमंत घरं जास्त खर्च करतात म्हणून सरासरी वर जाते आणि गरिबांची कहाणी तिच्याखाली झाकली जाते का?

यासाठी मोठा निधी लागत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची घरनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते, आरोग्य लेख्यांचे अहवालही खुले आहेत. स्टाटा किंवा आर येत असेल तर आठवडाभरात तुम्ही महाराष्ट्रापुरते दोन्ही फेऱ्यांतले खर्च आणि वापर शेजारी मांडू शकता. सर्वेक्षणाचे भार लावायला मात्र विसरू नका. आणि जमलं तर एकदा जिल्हा रुग्णालयाच्या औषध खिडकीपाशी तासभर उभे राहा. लोक किती चिठ्ठ्या घेऊन समोरच्या मेडिकलकडे वळतात, ते मोजा. त्यातून प्रबंध होणार नाही, पण कुठला प्रश्न विचारायचा हे कळेल.

६४ वरून ३९ हा बदल खरा आहे की नाही, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर असं: घट आहे, त्यातला काही भाग खऱ्या दिलाशाचा आहे, काही छेदाचा आहे, काही सर्वेक्षणाच्या बदलातून एकदम दिसलेला आहे. आणि त्या तिसऱ्या घरातल्या म्हातारीचा किती भाग त्यात आहे, ते अजून नीट मोजायचं बाकी आहे. त्यासाठी नव्या संशोधकांची गरज आहे.